एका कार्बनचा फरक

बारावी सायन्सच्या पोरांना विचारा, मिथेनॉल आणि इथेनॉलमध्ये फरक काय? सूत्रं फाडफाड सांगतील. एकात एक कार्बन, दुसऱ्यात दोन. मार्क मिळाले, विषय संपला.

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती याच फरकाने. बहुतेक हातावर पोट असलेली. दारूत मिथेनॉल होतं.

दोन्ही रंगहीन, दोन्ही पाण्यात सहज मिसळतात, वासही जवळपास सारखा. कारण दोन्हींच्या टोकाला तोच ओएच गट. मिथेन हा वायू. त्यात एक ऑक्सिजन शिरला की रेणू हायड्रोजन बंधाने एकमेकांना धरून बसतात आणि ६५ अंशांवर उकळणारा द्रव तयार होतो. इथेनॉल उकळतं ७८ ला. पुस्तकात एवढं असतं, क्लासमध्ये घोटूनही घेतात. पण 'काडी लाव, निळी ज्योत आली की माल चोख' असं गल्लीत कुणी म्हणालं, तर हीच पोरं गप्प बसतात. अरे, दोन्ही निळसरच जळतात!

फरक कळतो तो आपल्या लिव्हरला. एकच एन्झाइम दोघांवर काम करतं. इथेनॉलपासून शेवटी व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड होतं, ते शरीर वापरून टाकतं. मिथेनॉलपासून आधी फॉर्माल्डिहाइड, मग फॉर्मिक ॲसिड, म्हणजे मुंगीच्या डंखातलं. ते साचत जातं, पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही, डोळ्याची नस निकामी करतं. याला बारा-चोवीस तासही लागतात. म्हणून माणूस रात्री पिऊन झोपतो, सकाळी डोकं दुखतं त्याला हँगओव्हर समजतो आणि दुपारी त्याला समोरचं धूसर दिसायला लागतं.

दवाखान्यात डॉक्टर ते एन्झाइमच अडवतात: फोमेपिझोल देऊन, नाहीतर मोजून-मापून इथेनॉल देऊन. शिवाय डायलिसिस. (गैरसमज नको, हा घरी करायचा उपाय नाही.)

पोलीस आणि उत्पादन शुल्क खातं काय करतं, त्यावर मी लिहीतच असतो. आज केमिस्ट्रीच्या सरांना आणि मॅडमना विनंती: हा धडा शिकवताना मालवणीचं नाव घ्या. आणि पोरांनो, घरात-शेजारी कुणी पिऊन आल्यावर 'अंधुक दिसतंय' म्हणालं, तर लिंबूपाणी देऊन झोपवू नका. लगेच सरकारी दवाखान्यात न्या. काय प्यायला, किती वाजता, कुठून आणली, सगळं डॉक्टरांना सांगा. केस होईल म्हणून लपवू नका. सोबत प्यायलेल्यांनाही, त्रास होत नसला तरी, घेऊन जा.