उजवीकडचा आधी

पुण्यात गाडी शिकवणारा प्रत्येक माणूस पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगतो: समोरचा चुकणार आहे असं धरून चालायचं. वडील, मोठा भाऊ, ड्रायव्हिंग स्कूलचे काका, सगळ्यांचं यावर एकमत असतं. आपण नीट चालवून भागत नाही, समोरचाही नीट पाहिजे, असं पुढे जोडलेलं असतं. स्वारगेटच्या चौकात हा सल्ला जीव वाचवतो, त्यामुळे मी त्याला वाईट म्हणणार नाही. पण स्टुटगार्टला राहायला आल्यावर कळलं, की जर्मन कायदा बरोबर याच्या उलट बाजूने सुरुवात करतो. जो स्वतः नियम पाळतो, त्याने समोरचाही पाळेल असं धरून चालावं. हा त्याचा हक्क आहे. अपघाताचा दोष कुणाचा हे ठरवताना तिथली न्यायालयं हे तत्त्व लावतात. अपवाद लहान मुलं, वृद्ध आणि असहाय माणसं यांचा. ती रस्त्याजवळ दिसली, की हा हक्क संपतो. वेग उतरवायचा आणि थांबायच्या तयारीत राहायचं.

भारतीय लायसन जर्मनीत राहायला आल्यावर सहा महिने चालतं. मग तिथली लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्गही करावा लागतो. अपघात झाला तर पहिला मदतनीस चालकच असणार, हे तिथे लायसनच्या आधी शिकवतात. मला ती अट फार आवडली.

या शिक्षणात मनावर सर्वात खोल उमटला तो चौकाचा नियम. निवासी भागातल्या गल्ल्यांना सिग्नल नसतो, पाटी नसते, पोलीस नसतो. तिथे उजवीकडून येणारा आधी जातो. त्याची गल्ली अरुंद आणि आपला रस्ता रुंद असला तरी तोच आधी. आपण मोठ्या गाडीत आणि तो सायकलवर असला तरीही तोच आधी. भारतातून आलेले बहुतेक जण या चौकात दोन प्रकारे अडखळतात. उजवीकडे न बघता पुढे निघणं हा पहिला प्रकार. दुसरा जास्त विचार करायला लावणारा आहे: आपला हक्क असूनही थांबणं. डावीकडची गाडी थांबणारच नाही अशी आपली खात्री असते, म्हणून पाय आपोआप ब्रेकवर जातो. शिक्षक तेही चूक म्हणून दाखवतात, कारण आपण थांबलो की डावीकडच्याला प्रश्न पडतो, मागच्याला धक्का बसू शकतो. चारही बाजूंनी चार गाड्या एकदमच आल्या तर प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी असतं. मग चौघांनी एकमेकांकडे बघायचं आणि एकाने आपला हक्क सोडून हात करायचा. नियम जिथे संपतो तिथे माणसाने माणसाकडे बघावं, हीही तिथे शिकवण्याचीच गोष्ट आहे.

पुढे मी आपल्याकडची नियमावली काढून वाचली. केंद्र सरकारच्या, 2017 पर्यंत लागू असलेल्या, 1989 च्या रस्ता-नियमांत स्पष्ट लिहिलं होतं: मुख्य रस्ता म्हणून ठरवलेला रस्ता असेल तर त्यावरच्या वाहनांना आणि एरवी चौकात उजव्या हाताकडून येणाऱ्या वाहनांना वाट द्यावी. म्हणजे नियम तोच! ते उजव्या बाजूने चालवतात, आपण डाव्या. तरी चौकातला मान दोन्हीकडे उजवीकडच्याला. पादचारी पट्ट्यांवर आधी पायी चालणारा, हेही दोन्हीकडे सारखं. विनाकारण हॉर्न वाजवू नये, हेसुद्धा. मी पुण्यातल्या कितीतरी ओळखीच्यांना विचारलं, उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं असतं हे माहीत आहे का. वीस-पंचवीस वर्षं गाडी चालवणाऱ्यांनीही हे कधी ऐकलेलं नव्हतं. त्यांचा दोष कसा म्हणू? त्यांना कुणी सांगितलंच नाही. आपल्या चौकात आधी जातो तो मोठ्या गाडीवाला, जोराचा हॉर्नवाला, नाहीतर जो डोळ्याला डोळा न देता पुढे घुसतो तो. डिपर मारणं म्हणजे आपल्याकडे 'मी येतोय, थांब'. जर्मन शहरात समोरच्याने दिवा चमकवला तर बहुतेक वेळा 'तुम्ही जा' असं असतं.

यावर नेहमीचं उत्तर येतं, की ते लोकच शिस्तीचे, आपली माणसं सुधारणार नाहीत. हे उत्तर मला मान्य नाही, आणि ते खरंही नाही. 1970 साली पूर्व आणि पश्चिम जर्मनी मिळून रस्त्यांवर 21 हजारांहून जास्त माणसं मेली. तेव्हा गाड्या आजच्यापेक्षा कितीतरी कमी होत्या. हीच ती माणसं, हाच तो देश. मग पश्चिम जर्मनीत 1972 मध्ये गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर ताशी 100 किलोमीटरची मर्यादा आली, 1973 मध्ये दारूची मर्यादा कडक झाली, 1976 मध्ये सीटचा पट्टा सक्तीचा झाला. पट्ट्याला लोकांनी पुष्कळ विरोध केला, आणि 1984 मध्ये दंड सुरू झाला तेव्हाच तो खऱ्या अर्थाने सर्वांच्या अंगावर आला. गाड्या सुरक्षित झाल्या, जखमींना मदत लवकर पोहोचू लागली. आज वर्षाला सुमारे 2,800 मृत्यू होतात. आपल्या देशात 2022 साली 1,68,491 माणसं रस्त्यांवर गेली. एवढ्या घरांतून एकेक ताट कमी झालं.

आणि आपली माणसं नियम पाळत नाहीत असंही नाही. आंबेनळी किंवा वरंधा घाटात जाऊन बघा. अरुंद वळणावर वरून उतरणारा एसटीचा चालक गाडी कडेला घेतो आणि चढणाऱ्या ट्रकला वाट देतो, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड असतं. तिथे ना कॅमेरा, ना पोलीस. हा नियमही पुस्तकात आहे, पण घाटातल्या चालकांनी तो पुस्तकातून घेतलेला नाही. क्लीनर म्हणून शेजारी बसलेल्या पोराने तो उस्तादाकडून घेतला आणि पुढे आपल्या क्लीनरला दिला. जो नियम एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तो टिकला. शहरातल्या चौकाचा नियम कुणाच्याच हातात कधी पडला नाही.

रुग्णवाहिकेचंही तसंच. जर्मन महामार्गावर गाड्या रखडू लागल्या, की सायरन ऐकू येण्याआधीच सगळ्यात डावीकडच्या रांगेतल्या गाड्या डावीकडे सरकतात, बाकीच्या उजवीकडे, आणि मधे वाट मोकळी होते. न केल्यास किमान 200 युरो दंड आहे. आपल्याकडे 2019 च्या दुरुस्तीनंतर रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला 10 हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम काही कमी नाही. पण सायरन वाजल्यावर नेमकं कुणीकडे सरकायचं हे आपल्याला शिकवलेलं नाही, म्हणून वाट द्यायची इच्छा असलेली माणसंही जागच्या जागी घुटमळतात. आत एखादा जीव असतो. हे बघवत नाही.

आपल्या केंद्रीय नियमांत खाजगी गाडीसाठी किमान 21 दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान 10 तास सांगितले आहेत. ते जरी प्रामाणिकपणे झाले तरी केवढा फरक पडेल! तुमच्या घरात कुणाला यंदा अठरावं पूर्ण होत असेल तर एजंटला पैसे देऊन लायसन घरी मागवू नका. मुलाला, मुलीला हे तास पूर्ण करू द्या, परीक्षा स्वतः देऊ द्या, नापास झाली तर पुन्हा देऊ द्या. आणि शिकवणाऱ्याला विचारा, चौकात आधी कोण जातं हे तुम्ही शिकवता का?