दारात उभी राहणारी मुलं



चहाला नाही म्हणणारा पाहुणा आपल्याकडे विरळाच. म्हणून दोन वर्षांपूर्वी डॅलसजवळ मुलाच्या घरी, घामाने निथळणाऱ्या दोन मुलांना मी चहा विचारला आणि दोघांनी एकदम मान हलवली, तेव्हा मला वाटलं, माझ्या हातचं नको असेल. नातवाच्या जन्मासाठी मी तिकडे पाच महिने होते. जुलैचं ऊन आपल्या गोंदियाच्या मे महिन्याची आठवण करून देणारं, आणि ही मुलं पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी लावून सायकलवर हिंडत होती. सून म्हणाली, "आई, ते मॉर्मन आहेत. चहा-कॉफी घेत नाहीत." मग मी कैरीचं पन्हं दिलं. दोघं दोन-दोन पेले प्यायले.

मॉर्मन हा ख्रिस्ती लोकांतला एक वेगळा पंथ. जोसेफ स्मिथ यांनी 1830 साली न्यूयॉर्क राज्यात तो सुरू केला. आता त्यांचं मुख्य ठिकाण यूटामधलं सॉल्ट लेक सिटी. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं आणि त्याचे वाचलेले पैसे गरजूंना द्यायचे. (तंबाखू वर्ज्य म्हटल्यावर मला आपली गोंदियाची बिडी आठवली. असो.) उपास करणारी, चहा न पिणारी अमेरिकन मुलं बघून मी निम्मी त्यांच्या बाजूने झाले, खोटं कशाला सांगू?

पण ती मला भेटायला आली नव्हती, मला बदलायला आली होती. तेही मी विसरले नाही.

त्यांच्यात मुलगा 18 वर्षांचा झाला की दोन वर्षं धर्मप्रचाराला जाऊ शकतो. मुलींसाठी दीड वर्ष असतं. कुठे जायचं ते वरून ठरतं, आपण निवडायचं नाही. खर्च स्वतःच्या बचतीतून किंवा घरच्यांकडून. सोबतीला कायम एक जोडीदार, त्याला नजरेआड होऊ द्यायचं नाही. साडेसहाला उठायचं, साडेदहाला झोपायचं. आठवड्यात एक दिवस कपडे धुणं, किराणा आणि घरी फोन. हा दर आठवड्याचा फोनसुद्धा 2019 पासून. त्याआधी आईचा आवाज वर्षातून दोनदाच ऐकायला मिळायचा. अशी सत्तर हजारांच्या वर मुलं-मुली आज जगभर फिरत आहेत. आपला मुलगा नागपूरला हॉस्टेलवर गेला तर आपण डबा घेऊन दर पंधरवड्याला विदर्भ एक्सप्रेस पकडतो. त्या आया काय करत असतील?

ती मुलं पुढे तीन-चार वेळा आली. सून तान्ह्यात अडकलेली, मला इंग्रजी मोडकं-तोडकं, त्यामुळे मुलगा घरी असेल त्या वेळी आम्ही बोलवायचो. एक उंच, आयडाहोच्या शेतकऱ्याचा मुलगा, 19 वर्षांचा. दुसरा टोंगा बेटांवरून आलेल्या घरातला, कॅलिफोर्नियात वाढलेला. तो फार हसायचा.

मी त्यांना विचारलं, दिवसभर करता काय? उंच मुलगा म्हणाला, दिवसाला चाळीस दारं होतात. बहुतेक उघडतच नाहीत. हल्ली घंटीतच कॅमेरा असतो, त्यातून माणूस "नको" म्हणतो, चेहरासुद्धा दिसत नाही. कुणी कुत्रं सोडतो, कुणी शिवी देतो. एका म्हाताऱ्या बाईंनी देवाचं काही ऐकून घेतलं नाही, पण फ्रिज सरकवून घेतला, आणि आता दर शनिवारी अंगणातलं गवत कापायला बोलावतात. ही मुलं जातात! मी विचारलं, सगळ्यात वाईट काय वाटतं? शिवी नव्हे, म्हणाला. लोक गोड बोलून गुरुवारी या म्हणतात, आणि गुरुवारी आत दिवा लावून गप्प बसतात, ते.

त्याची आजी आदल्या महिन्यात गेली होती. तो घरी गेला नव्हता. हे त्याने फार साधेपणाने सांगितलं आणि पन्ह्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. भाषांतराची गरज पडली नाही.

मैत्रिणींनो, आपल्याकडे दाराचं हे सगळं उलटं आहे. मुनिश्री कुणाचं दार वाजवत नाहीत. सोवळ्याने चौका लावून, हातात कलश-श्रीफळ घेऊन आपणच दारात उभ्या राहतो आणि पडगाहन करतो. त्यांनी मनात कोणता नियम घेतला आहे ते आपल्याला ठाऊक नसतं. तो जुळला नाही तर ते आपल्यासमोरून शांतपणे पुढे जातात. पहाटेपासून राबलेली बाई कलश हातात घेऊन तशीच उभी राहते. शेजारच्या चौक्यात जयजयकार होतो, आपण हसरा चेहरा करून तिथे जातो, पण पोटात काय होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मुनिश्रींचा नियम कुठेच जुळला नाही तर त्या दिवशी त्यांना उपास. त्या मुलाच्या गुरुवारच्या गोष्टीने मला ते सगळे सकाळचे चौके आठवले.

आता बटाट्याचं सांगते. एका रविवारी दिवस मावळायच्या आत मी त्यांना जेवायला बोलावलं. दुधी, मुगाची डाळ, फुलके, शिरा. उंच मुलाने सहज सांगितलं की त्याच्या वडिलांची बटाट्याची शेती आहे, आयडाहो बटाट्यासाठीच प्रसिद्ध. मग म्हणाला, तुमच्याकडे भारतीय जेवणात बटाटा कसा नाही?

माझा मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मला नंतर कळलं ते असं: ऑफिसात गेली सहा वर्षं तो कांदा, लसूण, बटाट्याची ॲलर्जी आहे म्हणून सांगतो. सोपं पडतं. कुणी पुढे विचारत नाही, उलट काळजी घेतात. आज आई समोर होती, म्हणून ॲलर्जी म्हणता येईना. त्याने सुरुवात केली आणि दोन वाक्यांत अडकला. अनंतकाय म्हणजे काय, ते इंग्रजीत कसं सांगायचं? मी मराठीत सांगत गेले, तो भाषांतर करत गेला. एका शरीरात अनंत जीव. एकाचा श्वास तो सगळ्यांचा श्वास, एकाचा आहार तो सगळ्यांचा आहार. कंद उपटला की ते सगळेच दुखावतात. पाठशाळेत पाठ केलेलं सगळं माझ्या तोंडून निघत होतं, आणि तो ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा एकेक शब्द शोधून मांडत होता.

उंच मुलगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, "म्हणजे माझे बाबा?"

ताटावर बसलेल्या लेकराने असं विचारल्यावर काय सांगणार? मी म्हणाले, तुझे बाबा लोकांच्या पोटाला घालतात. आम्ही जे सोडलं ते आमच्यासाठी सोडलं, त्याचा हिशोब आम्ही दुसऱ्याकडे मागत नाही. मुलाने ते कसं सांगितलं कोण जाणे, पण तो मान हलवून पुन्हा शिऱ्याकडे वळला.

मग माझ्या मुलाने आपणहून ॲलर्जीची गोष्ट सांगितली. टोंगाचा मुलगा इतका हसला की पाणी नाकात गेलं. म्हणाला, शाळेत असताना पहाटे सहाला आमचा धर्मग्रंथाचा वर्ग असायचा, आणि मित्रांना मी चार वर्षं सांगायचो की पोहायला जातो. एकाने विचारलं, मग तुझे केस कधी ओले का नसतात? त्या दिवसापासून तो घरून डोकं भिजवून निघायचा!

जाताना त्यांनी त्यांचं पुस्तक ठेवलं. मी वाचलं नाही. पण जिनवाणी नसली म्हणून काय झालं, पुस्तक जमिनीवर थोडंच ठेवायचं? वरच्या फळीवर ठेवलं.

गोंदियाला परत आल्यावर उत्सुकता म्हणून शोधलं, हे लोक आपल्याकडे कधी आले होते का. आले होते, तेही फार पूर्वी! ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन 1852 मध्ये मुंबईत उतरला. मुंबई-ठाणे गाडीसुद्धा तेव्हा सुरू झाली नव्हती. मुंबईत वर्तमानपत्रं आणि दुसऱ्या पंथांचे पाद्री, दोघंही त्याच्यावर तुटून पडले. तो पुण्याला गेला, तर लष्कराने छावणीत प्रचाराला मनाई केली. तो मराठी शिकायला लागला. (ळ आणि ण म्हणताना काय दशा झाली असेल!) काही महिन्यांत बारा माणसांची मंडळी जमली. त्यांत युरोपियन होते, मिश्र वंशाचे होते, इथलेही होते. मराठ्यांना उद्देशून त्याने लिहिलेली छोटी पुस्तिका 1855 मध्ये मुंबईत छापली गेली आणि त्याच वर्षी तो निघून गेला. पुढे बंगळुरूला त्यांचं मिशन सुरू व्हायला 1993 उजाडलं. पुण्याच्या उन्हात त्याला पाणी कोणी दिलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या पणजीने ओंजळीत वरून ओतलं असतं. भांडं दिलं नसतं.

आणि त्या मुलांच्या आया. आपल्या आचार्य विद्यासागरजींनी 1968 मध्ये अजमेरला मुनिदीक्षा घेतली, तेव्हा त्यांचं वय 21. सदलग्याचं कन्नड बोलणारं घर सोडून ते परक्या भाषेच्या मुलखात पायी फिरत राहिले आणि 2024 च्या फेब्रुवारीत डोंगरगडला त्यांची समाधी झाली. आमगाव, सालेकसा, दरेकसा ओलांडलं की आपल्याला डोंगरगड येतंच, तुम्हीही अनेकजणी गेला असाल. त्यांच्या आईनेही पुढे दीक्षा घेतली. आयडाहोच्या त्या आईला मुलगा दोन वर्षांनी परत मिळणार होता. दोघींना एका तराजूत मी घालत नाही. पण निरोप देताना दाराच्या चौकटीला धरलेला हात दोघींचा सारखाच असेल, असं वाटतं.

तो मुलगा आता घरी पोचला असेल. मुलाने ऑफिसात अजून काही सांगितलेलं नाही, मी विचारतही नाही. मागच्या आठवड्यात सुनेने नातवाच्या पाळणाघराच्या फॉर्मचा फोटो पाठवला. ॲलर्जीच्या रकान्यात तिने "नाही" लिहिलंय. खाली "इतर" म्हणून दोन ओळींची जागा होती. तिथे कांदा, लसूण, बटाटा, गाजर, अंडं, आणि का नको ते. दोन ओळी पुरल्या नाहीत, म्हणून समासातही लिहिलंय, बारीक अक्षरात.