श्रीरामपूरचा परवाना

दौंड सोडून आमची आगगाडी उत्तरेस वळली, नगर मागें पडलें, आणि राहुरी ओलांडल्यावर खिडकीबाहेर उंसाचे मळे दिसूं लागले, तेव्हां आम्हीं वळकट्या आवरावयास घेतल्या. या बाजूस प्रथमच येणाऱ्या प्रवाशाची येथें हटकून फसगत होते. त्यास उतरावयाचें असतें श्रीरामपुरास आणि फलाटावरची पाटी सांगते ‘बेलापूर’! खरें बेलापूर हें प्रवरेच्या कांठचें जुनें गांव. तें येथून दोनचार मैलांवर. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला, त्या मार्गावरच्या या स्थानकास बेलापुराचें नांव मिळालें, आणि पुढें स्थानकाभोंवतीं जी वस्ती वाढली तिला लोक श्रीरामपूर म्हणूं लागले. गांवानें नांव नवें घेतलें, रेल्वेच्या दप्तरीं मात्र जुनेंच राहिलें.

ही वस्ती वाढली ती पाण्यामुळें. भंडारदऱ्याचें विल्सन धरण १९२६ सालीं पुरें झालें, प्रवरेचे कालवे या कोरड्या मुलखांतून वाहूं लागले आणि जेथें बाजरीसुद्धां आकाशाकडे पाहून पेरीत तेथें ऊंस उभा राहिला. हरेगांवास बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला. टिळकनगरास महाराष्ट्र शुगर मिल्सचा, ही कंपनी १९३३ सालची. शेजारीं लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं सहकारी कारखान्याचा जो प्रयोग १९५० च्या सुमारास उभा केला तो तर सर्वांस ठाऊकच आहे. आमच्या भगिनीचे श्वशुर अशाच एका कारखान्यांत हिशेबनीस होते. ते आज नव्वदीकडे झुकले आहेत. पण कोणताही कागद हातीं आला कीं तो खालच्या बारीक अक्षरापासून वाचावयाचा, ही त्यांची संवय सुटलेली नाहीं.

यंदा आम्ही गेलों तें एका विशेष निमित्तानें. भगिनीचा धाकटा मुलगा, वय वर्षें एकोणीस, पुढील शिक्षणासाठीं जर्मनीस निघाला होता. अठरा पुरीं होतांच त्यानें येथील परिवहन कचेरींत परीक्षा देऊन मोटारीचा परवाना मिळविलेला. जिल्ह्याच्या या उत्तर भागांतील गाड्यांवर ‘एम्. एच्. १७’ अशीं अक्षरें असतात, तींच परवान्याच्या क्रमांकाच्या आरंभीं आहेत, आणि याचा त्यास केवढा अभिमान! रात्रीं जेवणें झाल्यावर ओटीवर बोलतां बोलतां तो सहज म्हणाला, “तिकडे गेल्यावर आम्ही तिघे मित्र मिळून एक जुनी मोटार घेणार आहों. परवाना तर आहेच माझ्याजवळ.”

आजोबांनीं हात पुढें केला, चष्मा लावला, आणि तें कार्ड दिव्याखालीं धरलें.

“चाळिशीपर्यंतची तारीख आहे, आजोबा,” भाचा म्हणाला.

“अरे, तारीख आहे खरी, पण ती घातली कोणाच्या सरकारनें?”

झालें! दुसऱ्या दिवसापासून चौकशीचें काम आमच्याकडे आलें. त्यांत जें हातीं लागलें तें पुष्कळ घरांच्या उपयोगीं पडण्यासारखें आहे, कारण हल्लीं ज्या घरांतून एखादें मूल परदेशीं नाहीं असें घर विरळाच.

पहिली गोष्ट समाधानाची. मुलगा देश सोडून गेला म्हणून येथील परवाना रद्द होत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं जी दुरुस्ती झाली तीप्रमाणें तिशीच्या आंत घेतलेला खासगी वाहनाचा परवाना वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो. सुटींत घरीं आला तर त्यानें खुशाल आईस देवळांत घेऊन जावें. पण हा हक्क झाला हिंदुस्थानच्या रस्त्यावरचा. परक्या देशांत तो किती दिवस मानावयाचा हें तें सरकार ठरवितें.

जर्मनींत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने आपला परवाना चालतो, आणि त्यासोबत जर्मन भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परवाना असावा लागतो. वर्षाच्या आंतच परत जाणार असें दाखवितां आलें तर ही मुदत वाढवून मिळूं शकते. चार वर्षें राहणाऱ्या विद्यार्थ्यास तिचा काय उपयोग? सहा महिन्यांनंतर तेथला परवाना हवाच. कांहीं देशांच्या लोकांस तो परीक्षेवांचून बदलून मिळतो. त्या यादींत आपलें नांव नाहीं. शिकवणीचे ठराविक तास आपल्या मुलांस माफ आहेत, परंतु लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मुदत उलटल्यावर मोटार हांकणें हा तेथें साधा दंडाचा प्रकार नसून फौजदारी गुन्हा आहे, त्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. हें वाचतांच भगिनीचा चेहरा उतरला. परदेशीं राहणाऱ्या मुलास असा डाग लागला तर शिक्षणाचें काय, हें तिला कोणीं समजावून सांगावयास नको होतें.

घरांतल्या थोरल्या पुतणीचा अनुभव इंग्लंडचा. तेथें वर्षभराची सवलत आहे. नंतर शिकाऊ परवाना काढून परीक्षा. तिला वाटलें कीं वर्ष म्हणजे परवाना तिथें पहिल्यानें वापरल्यापासूनचें! तसें नाहीं, तें वास्तव्यापासूनचें. लक्षांत आलें तेव्हां फार थोडे दिवस उरले होते, आणि परीक्षेची तारीख मिळेपर्यंत बाईसाहेब बसनें कचेरीस जात होत्या. अमेरिकेंत राज्यागणिक वेगळा न्याय: रहिवासी झाल्यावर कॅलिफोर्नियांत दहा दिवसांत, न्यूयॉर्कांत तीस दिवसांत तेथला परवाना काढावा लागतो. कानडांतील ओंटारिओंत साठ दिवस.

येथें एक गैरसमज सांगितला पाहिजे. आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे सर्व जगाची सनद, असें भाच्यास वाटे, आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही वाटे. १९४९ च्या जिनीव्हा करारान्वयें तो दिला जातो, एक वर्ष चालतो, आणि मूळ परवान्याची ओळख परक्या पोलिसास पटवितो, इतकेंच. सहा महिन्यांचे बारा तो करीत नाहीं. तथापि निघण्यापूर्वीं तो काढावाच. भाच्यानें चार क्रमांकाचा ‘अ’ नमुना भरून, पारपत्र व व्हिसा जोडून, हजार रुपये भरले आणि परवाना काढला.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांविषयीं जातां जातां दोन शब्द. सोळाव्या वर्षीं कायदा देतो तो पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतच्या दुचाकीचा, आणि तोही पालकाच्या संमतीनें. क्लासला जाणारीं पोरें ज्या भरधांव गाड्या उडवितात त्यांचा नव्हे! अशा वेळीं २०१९ पासून पालकास पंचवीस हजार दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते, आणि मुलास पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाहीं. असा परवाना पुढें परदेशांत मोटारीसाठीं दाखविणें म्हणजे निव्वळ पोरकटपणा.

निघण्याच्या आदल्या रात्रीं आणखी एक कलम आम्हीं वाचून दाखविलें: जर्मन परवाना हातीं देतांना येथला परवाना तेथील कचेरी जमा करून घेते. भाचा गप्प झाला. त्यानें कार्ड खिशांतून काढलें, उलटें सुलटें पाहिलें.

“म्हणजे एम्. एच्. १७ द्यावाच लागणार?”

“परीक्षा उतरलास तर,” आजोबा म्हणाले. “आधीं उतर.” मग त्यांनीं भिंतीवरची दिनदर्शिका काढावयास सांगितली. प्रयाण सप्टेंबरच्या अखेरीचें. पुढल्या वर्षाची दिनदर्शिका घरांत अजून आलेली नव्हती, म्हणून डिसेंबरच्या पानामागें त्यांनीं स्वतःच्या वळणदार अक्षरांत लिहिलें: ‘मार्च अखेर. मोटार बंद. परीक्षा?’

मोटार तिघांत घ्यावयाची कीं नाहीं, हा वाद स्थानकावर पोंचेपर्यंत चालूच होता.