आपला शिवाजी पार्कचा ब्लॉक

शिवाजी पार्क, मुंबई

चि. सई,


जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक सोडून कमी देणाऱ्या जोडप्याला ब्लॉक का विकायचा, हा तुझा प्रश्न रास्त आहे. तुझ्या बाबाचा अर्धा हिस्सा आता तुझा आहे आणि फोनवर घाईत दिलेलं उत्तर तुला पुरणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या न्यूयॉर्कमध्ये महायुद्धापूर्वीची इमारत म्हटलं की भाव चढतो, असं तूच मागे सांगितलं होतंस. इथे जुन्या इमारतीचा भाव तिच्याखालच्या जमिनीला असतो आणि त्या जमिनीवर मिळणाऱ्या एफएसआयला, म्हणजे तिथे किती बांधकाम करता येईल त्याला. आपल्याला आलेली मोठी ऑफर ब्लॉकसाठी नाहीच, ती सोसायटीतल्या आपल्या मतासाठी आहे. पण त्याआधी घराविषयी.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवीसारख्या कोंदट वस्त्यांत माणसं पटापट मेली आणि सरकारला दाटीची भीती वाटू लागली. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमला गेला. त्याने दादर-माटुंग्याला रुंद रस्ते आखले, दोन इमारतींमध्ये वारा खेळेल इतकी जागा सोडायला लावली. आपला परिसर त्याच विचाराने वसला. मैदान १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुलं झालं आणि १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. भोवतालच्या बहुतेक इमारती त्यानंतर, १९३०च्या दशकात आणि पुढे उठल्या.

तोवर आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट, आलं होतं. पूर्वी वजन भिंती पेलायच्या, त्यामुळे खिडक्या बेताच्या ठेवाव्या लागत. आता वजन खांबांवर गेलं आणि भिंत मोकळी झाली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातली दोन भिंतींना वळसा घालणारी खिडकी, खालून एकही खांब नसलेली गोल गॅलरी, प्रत्येक खिडकीवर भुवईसारखा निघालेला छज्जा, हे सगळं त्यामुळेच जमलं. छज्जा दिसायला सुरेख आहे, पण त्याचं काम भर पावसात खिडकी उघडी ठेवता यावी हे आहे, आणि आजही तो ते चोख करतो. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. मरीन ड्राइव्हचा सूना महाल आणि ओव्हल मैदानासमोरचं एम्प्रेस कोर्ट बांधणारे जी. बी. म्हात्रे हे तिचे मोठे वास्तुकार, आपले मराठी. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या या इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. आपली इमारत म्हात्र्यांची नाही, त्या यादीतही नाही. पण तिच्या मिस्त्रींचा हात त्याच काळात तयार झाला होता. जिन्याच्या मोझॅकची कड बघ, एवढी वर्षं पाय पडूनही रेघ सुटलेली नाही. दारं बर्मी सागाची आहेत. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि ते लाकूड येणं बंद झालं. तशी दारं पुन्हा करून मिळायची नाहीत.

अप्पांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, हा ब्लॉक १९३८ साली भाड्याने घेतला. गिरगावच्या चाळीतून आलेल्या आईला घरातल्या घरात नळ आणि संडास हे अप्रूप होतं. मग युद्ध आलं, महागाई आली आणि सरकारने भाडी गोठवली. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं तेच प्रमाण धरलं. त्यामुळे आपल्यासारखी पगारदार माणसं इथे टिकली, हे मी कधी विसरणार नाही. पण त्याच भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना, आणि मुंबईतल्या शेकडो इमारती अशाच खंगल्या. आपल्याकडे निदान आठही भाडेकरूंनी एकत्र येऊन सोसायटी केली आणि मालकाकडून इमारत विकत घेतली.

आता एक गोष्ट, जी वगळून या घराचं कौतुक करणं मला खोटं वाटतं. मागच्या बाजूचा तो लोखंडी गोल जिना तुला आठवत असेल. तुम्ही मुलं त्यावर लपाछपी खेळायचात. तो सफाई कामगारांसाठी होता. त्यांनी पुढच्या मोझॅकच्या जिन्यावर पाऊल ठेवू नये, घरातून जाऊ नये, मागूनच यावं आणि मागूनच जावं, म्हणून नकाशातच तो काढलेला. उजेड आणि वारा सगळ्यांना सारखा मिळावा असा विचार करणाऱ्या नव्या वास्तुकलेत अस्पृश्यतेची सोय अशी सिमेंट-लोखंडात करून ठेवली होती. आणि तीही कुठे, तर ज्या दादरला हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी राजगृह बांधलं, ज्या दादरच्या चौपाटीवर चैत्यभूमी आहे, तिथे. घर घेणाऱ्या जोडप्याला मी तो जिना दाखवला आणि तो कशासाठी होता तेही सांगितलं. तूही तुझ्या मुलांना सांग.

इमारतीची प्रकृती तुझ्यापासून लपवत नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेने स्लॅबमधल्या सळया गंजल्या आहेत, काही ठिकाणी प्लास्टरचे पोपडे पडतात. स्ट्रक्चरल ऑडिट झालंय. इमारत दुरुस्त होण्याजोगी आहे, खांबांना जॅकेटिंग, म्हणजे काँक्रीटचं नवं आवरण, करावं लागेल, खर्च मोठा आहे असं इंजिनिअर लिहितात. चार सभासदांना पुनर्विकास हवा आहे. त्यांना मी दोष देत नाही. लिफ्ट नाही, गुडघे कुरकुरतात, म्हणून तर मीही पुण्याला चालले आहे. तिघांना दुरुस्ती हवी आहे. पुनर्विकासाला निम्म्याहून जास्त सभासदांची संमती लागते, म्हणजे आठात पाच. पाचवं मत आपल्या ब्लॉकचं. मोठी ऑफर देणारा गृहस्थ इथे एक रात्रही राहणार नाही. तो सही करेल, आणि इथे टॉवर उभा राहील. खालचे तीन-चार मजले गाड्यांचे, त्यावर बंद काचा.

ते जोडपं दोघंही डॉक्टर आहेत. त्यांनी घर दोनदा पाहिलं, दुसऱ्यांदा इंजिनिअरला घेऊन आले, आणि दुरुस्तीतला आपला वाटा भरायची तयारी दाखवली. उद्या त्यांचं मत बदललं तर कुठलाही करार त्यांना अडवू शकणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही मत राहणाऱ्या माणसाच्या हाती जावं असं मला वाटतं. जे घर अजून पन्नास वर्षं माणसांना उजेड देऊ शकतं, ते केवळ जमीन महाग झाली म्हणून पाडायचं, यात मला आपला हात नको आहे.

फरकाची रक्कम थोडी नाही. तुला घराचं कर्ज आहे, मुलांची शिक्षणं आहेत. म्हणून माझं म्हणणं तुझ्यावर लादत नाही. तुला रकमेची गरज असेल तर स्पष्ट लिही, माझ्या हिश्शातून तुझी तूट भरून देईन. होकार असेल तर सोबतचा मुखत्यारपत्राचा मसुदा वाच आणि भारतीय कॉन्सुलेटमधून साक्षांकित करून महिनाअखेरीपर्यंत पाठव.

तुझी,
आत्या