पांढरीपासून पीएच.डी.पर्यंत : पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याचा खर्च कोण उचलणार?

आजचे वाशिम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने इथे आपली शाखा उभी केली. 'हरिविजय' हे प्राकृत काव्य त्याचेच. याच शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत आजही जुनी तळी आहेत, पडकी देवळे आहेत, नदीकाठी जुन्या वस्त्यांच्या पांढऱ्या आहेत. तरीही या जिल्ह्यातला मुलगा किंवा मुलगी पुरातत्त्वाच्या वर्गात क्वचितच दिसते. बरीच वर्षे हा विषय शिकवल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की मुलांना विषयाची आवड नाही असे मुळीच नाही. घोडे अडते ते एम.ए.च्या दोन वर्षांच्या खर्चावर. पीएच.डी.ला पोचलेल्या विद्यार्थ्याला आज बरा पैसा मिळू शकतो. पण तिथवर पोचायच्या आतच कितीतरी गुणी मुले वाट सोडतात.

बी.ए.ला इतिहास घेऊन वाशिममधून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला पुरातत्त्वात एम.ए. करायचे तर नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग किंवा पुण्याचे डेक्कन कॉलेज हे दोन जुने आणि भक्कम पर्याय. दोन्हीकडे घर सोडावे लागते. फी फार नसते. खरा खर्च खोली, मेस आणि फिरतीचा. उत्खननाचा हंगाम पावसाळा सरल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. सुटीत चार पैसे कमवायचे दिवस नेमके तेच असतात. संग्रहालये आणि लेणी पाहायची, उत्खननाच्या शिबिराला जायचे, वही-कॅमेरा-बूट घ्यायचे, हा खर्च फी माफ करणाऱ्या कुठल्याही योजनेत धरलेला नसतो. शेतमजुराच्या घरात तो पेलत नाही.

तेव्हा पहिला हिशेब या दोन वर्षांचा. महाडीबीटी पोर्टलवरची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती फीचा भार हलका करतात. राहण्या-जेवण्यासाठी वेगळ्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, आणि अलीकडे इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ पासून पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती सुरू केली आहे. तिची निवड पदवीच्या गुणांवर होते आणि दरमहा १५,००० रुपये वर्षातले दहा महिने मिळतात. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतानाच अर्ज करावा लागतो. दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही.

या सगळ्या योजना कागदांवर अडतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र हे चार कागद गाव सोडण्याआधी हातात हवेत. पुण्यात बसून मानोऱ्याच्या तहसीलमधला दाखला मिळवायचा म्हणजे वडिलांची मजुरी बुडते आणि अर्जाची तारीखही निघून जाते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा आटोपली की पहिले काम हेच करावे, असे मी प्रत्येकाला सांगतो.

मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची मुलगी माझ्याकडे शिकायला होती. तिच्या वडिलांनी मला सरळ विचारले होते, "माती उकराले इतक्या दूर कायले जा लागते, सर? वावर तं घरीच आहे." त्यांचा प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर त्यांना पुढे शिबिरात मिळाले. मुलीला भेटायला आले, तेव्हा ती सावलीत बसून खापरे धूत होती. मऊ ब्रशने माती काढायची, वाळवायची, मग प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात स्थळाचे लघुरूप, ट्रेंचचा क्रमांक आणि थर लिहायचा. एक तुकडा आतून काळा, बाहेरून तांबडा होता. आव्यात भांडे उपडे रचून भाजले की त्याच्या आतल्या भागाला हवा मिळत नाही आणि तो काळा राहतो, असे तिने वडिलांना समजावून सांगितले. ते बराच वेळ तो तुकडा हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आमच्या नाल्याकाठच्या पांढरीत असे लय सापडतात." त्या वाक्यात एका प्रबंधाचा विषय होता.

एम.ए. झाले की वाट रुंद होते. सर्वांत मोठा दरवाजा नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा. वर्षातून दोनदा होणाऱ्या या परीक्षेत 'पुरातत्त्व' हा स्वतंत्र विषय आहे. इतिहास आणि भारतीय संस्कृती हेही आहेत. परीक्षेला बसायला पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५० टक्के. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरांनुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. वयाची अट ३० वर्षांची. महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत. मात्र पीएच.डी.ची नोंदणी झाल्याशिवाय यातला रुपयाही हाती येत नाही, आणि नोंदणीसाठी मार्गदर्शक लागतो. पुरातत्त्वात मार्गदर्शकांच्या जागा मोजक्या. म्हणून नेटचा अभ्यास आणि मार्गदर्शकाचा शोध दोन्ही एकाच वेळी सुरू हवेत.

जेआरएफ हुकली म्हणून सगळे संपत नाही. महाराष्ट्रात आज संशोधनासाठी राज्य शासनाच्या संस्थांचा मोठा आधार आहे. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा व कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची महाज्योती. केंद्राच्या अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गीयांच्या राष्ट्रीय शिष्यवृत्त्या वेगळ्या. भारतीय इतिहास संशोधन परिषद पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते, शिवाय अभिलेखागार आणि ग्रंथालये पाहण्यासाठी अभ्यास-प्रवासाचे अनुदानही देते. हे अनुदान लहान असल्याने मुले त्याकडे पाहत नाहीत. पण ताम्रपट, नाणी आणि शिल्पे वेगवेगळ्या शहरांत विखुरलेली असतात, आणि ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हाच पैसा कामी येतो.

ज्यांना पीएच.डी. करायची नाही, त्यांच्यासाठीही जागा आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची ग्रेटर नोएडातली पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्था दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका चालवते. जागा अगदी थोड्या, प्रवेश परीक्षेतून. पण निवड झालेल्याला दरमहा विद्यावेतन मिळते आणि देशभरच्या उत्खननांवर शिकायला मिळते. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कनिष्ठ व वरिष्ठ शिष्यवृत्त्यांमध्ये भारतविद्या, पुराभिलेख आणि नाणकशास्त्र हे विषय बसतात. २५ ते ४० वयोगटाला दरमहा १०,००० आणि त्यापुढच्यांना २०,००० रुपये, दोन वर्षे. रविवारी सायकल काढून गावोगावची वीरगळे पाहत फिरणारे शाळामास्तर आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांनी या शिष्यवृत्तीचा विचार जरूर करावा.

परदेशाचे सांगायचे तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट ब्रिटनमधल्या अल्पकालीन संशोधनाला मदत करतो. अमेरिकेतली वेनर-ग्रेन फाउंडेशन मानववंशशास्त्राबरोबर पुरातत्त्वातल्या प्रबंधाच्या क्षेत्रकार्यालाही अनुदान देते. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देत आहे. युरोपात इरास्मुस मुंडुसच्या योजनेतून पुरातत्त्वीय साहित्याचे विज्ञान आणि प्रागितिहास या विषयांत एम.ए.च्या दर्जाचे अभ्यासक्रम पूर्ण शिष्यवृत्तीसह चालत आले आहेत. एक गोष्ट मात्र मला मनापासून खटकते. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. २०२२ साली तिचे नियम बदलले आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले गेले. भारताचा अभ्यास भारतातच व्हावा, हे म्हणणे ऐकायला बरे वाटते. पण परागकणांचे विश्लेषण, प्राचीन डीएनए, हाडांतल्या समस्थानिकांचा अभ्यास यांतली जगातली उत्तम प्रयोगशाळा जिथे असेल तिथे आपल्या मातीचे नमुने घेऊन आपलाच विद्यार्थी जायला हवा. श्रीमंत घरातला मुलगा तसाही जातो. नियमाचा फटका बसतो तो तांड्यावरच्या मुलीला. हा नियम बदलावा असे मला वाटते, आणि लोकप्रतिनिधींनी तो विषय लावून धरावा.

आता अर्जाविषयी. "वाकाटककालीन विदर्भाचा सांस्कृतिक इतिहास" असे शीर्षक वाचले की परीक्षक पान उलटतो. एवढा विषय तीन वर्षांत कोणाच्याने होणार? त्याऐवजी असे लिहावे : "अडाण नदीच्या वरच्या खोऱ्यातील प्राचीन वस्त्यांचे गावनिहाय सर्वेक्षण". नदी ठरली, भाग ठरला, पद्धत ठरली. मग अंदाजपत्रक आपोआप सुचते : एसटीचे भाडे, मुक्काम, खापरांच्या पिशव्या, रेखाटने, छायाचित्रे, आणि कोळशाचा नमुना मिळालाच तर कार्बन-१४ चाचणी. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते आणि ती संस्थेला मिळते, एकट्या विद्यार्थ्याला नव्हे. म्हणून अर्जात खोदकामाचे मनसुबे मांडू नयेत. जमिनीवरचे सर्वेक्षण नीट केले तरी उत्तम प्रबंध होतो. इथे वाशिमच्या मुलांचे पारडे जड आहे. पांढरीची माती कोणाच्या शेतात गेली, विहीर खणताना काय निघाले, नांगराला कुठे विटा लागतात, हे गावातले म्हातारे त्यांना सांगतात. बाहेरच्या संशोधकाला ते कळायला वर्ष जाते. अर्जात हे स्पष्ट लिहावे, संकोच करू नये.

या जिल्ह्याने इतिहासाला काय दिले ते पाहा. १९३९ साली वाशिममध्ये दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट उजेडात आला. वत्सगुल्म शाखा म्हणून वाकाटकांचे वेगळे घराणे होते हे त्यामुळे पक्के झाले. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी तो प्रकाशात आणण्यात पुढाकार घेतला आणि वा. वि. मिराशींनी वाकाटकांचा सगळा इतिहास नव्याने मांडला. त्यांचा वाकाटक लेखांचा मोठा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. पुढे वाशिमजवळच्या हिस्से बोराळा इथे देवसेनाच्या काळातला शिलालेख मिळाला. त्यावर शक ३८०, म्हणजे इ.स. ४५८ हे वर्ष आहे, आणि स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने 'सुदर्शन' तलाव बांधल्याची नोंद आहे. वाकाटकांच्या इतर लेखांत राजाच्या राज्यवर्षाचीच गणना असते. त्यामुळे थेट शकवर्ष देणारा हा एक दगड सगळ्या कालगणनेला आधार देतो. असे आणखी किती दगड कोणाच्या गोठ्याच्या पायरीला लागले असतील? ते ओळखायला शिकलेला डोळा गावातच हवा.

म्हणून माझी एक मागणी जिल्ह्यातल्या लोकांकडे आहे. मोठ्या शिष्यवृत्त्या सरकार देईल. मधली पोकळी आपण भरावी. बाजार समित्या, पतसंस्था, महाविद्यालये, देवस्थाने, पुण्या-मुंबईत स्थिरावलेले वाशिमकर यांनी मिळून दरवर्षी निदान दोन विद्यार्थ्यांचा एम.ए.चा खोली-मेसचा आणि शिबिराचा खर्च उचलावा. निधी लहान असला तरी नियम लेखी हवेत : निवड कशी, पैसा किती हप्त्यांत, कोणत्या तारखेला, आणि बदल्यात विद्यार्थ्याने काय करायचे. विंध्यशक्तीच्या ताम्रपटात अथर्ववेदी ब्राह्मणांना नांदेडकडचे एक गाव दिले आहे. कोणाचा वाटा किती आणि त्या गावाला कोणत्या सवलती हे त्यात बारकाईने कोरले आहे. विद्येला दिलेले दान पुढच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहू नये, याची काळजी त्या काळच्या दरबाराने घेतली होती. तीच आपण घ्यावी. विद्यार्थ्यावर अट एकच घालावी : शिकून झाल्यावर आपल्या तालुक्यातल्या दहा गावांची पुरातत्त्वीय नोंद करून ती जिल्हा ग्रंथालयात ठेवायची. सहा तालुक्यांतून अशी मुले निघू लागली, तर काही वर्षांत वाशिम जिल्ह्याचा पुरातत्त्वीय नकाशा वाशिमचीच माणसे तयार करतील. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसलेल्या मुलांनी तोवर थांबू नये. दाखले काढा, नेटचा अभ्यासक्रम उतरवून घ्या, आणि आपल्या गावची पांढरी एकदा डोळसपणे पाहून या.