परीक्षक आणि पेला

परीक्षा घेणें हाच ज्यांचा धंदा, त्यांच्यावर स्वतः परीक्षा देण्याचा प्रसंग क्वचितच येतो; आणि आला तरी तो वेळेवर ओळखूं येत नाहीं. आम्ही जवळजवळ तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों व तितकींच वर्षें उत्तरपत्रिका तपाशीत आहों. एवढ्या काळांत आमची खरी परीक्षा कोणीं घेतली असेल, तर ती गेल्या पावसाळ्यांत पेलाभर 'पेल एल'नें घेतली. आणि तींत आम्ही नापास झालों, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें.

'एल' हा शब्द आमच्या चांगल्या परिचयाचा. डिकन्स व हार्डी यांच्या कादंबऱ्यांतून ह्या पेयाचीं पिंपेंच्या पिंपें आम्हीं वर्गांत रिकामीं केलीं आहेत. विद्यार्थ्यानें अर्थ विचारला कीं 'एक प्रकारचें मद्य' असें सांगून पुढच्या ओळीकडे वळावयाचें, ही आमची रीत. ज्या घरांत 'एकच प्याला' हें नाटक करमणुकीपेक्षां ताकीद म्हणूनच अधिक वाचलें गेलें, त्या घरांत वाढलेल्या माणसाला याहून जास्त चौकशी करण्याचें धैर्य होत नाहीं. त्यामुळें आमचा एक जुना विद्यार्थी, जो आतां पुण्याबाहेर एका लहानशा कारखान्यांत एल तयार करतो, घरीं येऊन म्हणाला, "सर, एक नवी हलकी एल केली आहे. रविवारीं चव घेऊन गुण द्यायला या," तेव्हां आम्हीं चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलें. आम्हांला त्यांतलें काय कळतें, असें विचारतां तो म्हणाला, "जाणकार दोघे आहेतच. तिसरा माणूस गुण देण्याची संवय असलेला पाहिजे." ही स्तुति होती कीं कसें, याचा निर्णय न लागतांच आम्हीं होकार दिला, आणि १९४९ च्या मद्यनिषेधाच्या कायद्याप्रमाणें लागणारा परवाना खिशांत घालून रविवारीं तेथें हजर झालों.

पोलादी टाक्यांमधून हिंडवीत त्यानें आम्हांला ह्या पेयाची कुळकथा सांगितली. मोड आणून भट्टींत सुकविलेले सातू भरडून गरम पाण्यांत भिजवावयाचे, त्यांचा गोड रस हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळावयाचा, आणि निवल्यावर यीस्ट घालून सुमारें २० अंश उष्णमानांत आंबूं द्यावयाचा, एवढीच हिची पाककृति. पूर्वीं सातू लाकडाच्या जाळावर सुकवीत, त्यामुळें रंग काळपट येई व धुराचा वास लागे. सतराव्या शतकांत इंग्लंडांत ह्या कामीं कोक वापरूं लागले. सातू फिकट राहूं लागले, आणि 'पेल' हें विशेषण जन्मास आलें. पुढें लंडनच्या हॉजसनची व १८२० नंतर बर्टन गांवची अशी एल जहाजांतून मुंबई, मद्रास, कलकत्त्याकडे येऊं लागली. म्हणून तिच्या एका जातीला हिंदुस्थानचें नांव मिळालें. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यांत जिप्सम फार. त्यानें हॉपचा कडूपणा स्वच्छ उठतो. आजही दूरदूरचे कारखानदार पाण्यांत जिप्सम मिसळून बर्टनची नक्कल करतात. अमेरिकेंत १९७२ सालीं 'कॅस्केड' नांवाचा, पपनसाच्या जातीच्या फळाची आठवण करून देणाऱ्या वासाचा हॉप प्रसृत झाला, व १९८० त सिएरा नेवाडा ह्या कॅलिफोर्नियांतील कारखान्यानें त्याच्यावर आपली पेल एल उभारली. तेव्हांपासून लहान कारखान्यांत ह्या फुलांची जणूं शर्यतच लागली.

"कडू, अधिक कडू, सर्वांत कडू!" तो म्हणाला. "माझी ही मात्र ४.२ टक्क्यांची, साधी. गिऱ्हाइकें म्हणतात, हिला जोर नाहीं. भागीदार म्हणतो, हॉप दुप्पट कर. मंगळवारपर्यंत ठरवायचें आहे, सर. खरें काय तें सांगा."

नंतर आम्हां तिघांपुढें पांच पेले आले. त्यांच्यावर नांवें नव्हतीं, केवळ आंकडे होते. शेजारीं गुणपत्रिका. १९८५ पासून चालू असलेल्या अमेरिकेंतील एका परीक्षकमंडळाची ही पद्धति आहे, असें कळलें. एकूण गुण ५०. पैकीं वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडांतील स्पर्शाला ५ व एकंदर ग्रहाला १०. रूपाला पन्नासांत तीन! मुली पाहावयास जाणाऱ्या मंडळींनीं हें कोष्टक जवळ बाळगावें, असा एक विचार मनांत येऊन गेला. तो बाजूस सारून आम्हीं पहिला पेला उचलला. रंग मधाहून किंचित फिकट. वर पांढरा, टिकाऊ फेस. वास प्रथम पावाच्या भाजलेल्या कडेचा व मागाहून मोसंबीच्या सालीचा. घोट गिळल्यावर जिभेच्या मागें थोडा कडूपणा रेंगाळला आणि तोंड कोरडें करून निघून गेला. आम्हीं ३६ गुण दिले. दुसरा पेला तांबूस, जळक्या साखरेच्या चवीचा. तिसरा सात टक्क्यांचा, कारल्यानें मान खालीं घालावी असा कडू. चवथा काळाभोर, कॉफीच्या वासाचा. दोघांनाही आम्हीं चाळिसांच्या घरांत बसविलें. पांचव्याचा घोट घेतला तों तोंडांत कांहीं आल्यासारखेंच वाटेना. '२५. पातळ. भिडत नाहीं,' असा शेरा मारून आम्हीं लेखणी खालीं ठेवली.

पहिला व पांचवा पेला एकाच टाकींतले, एकाच वेळीं काढलेले होते.

दोघां जाणकारांच्याही गुणांत फरक पडला होता. पण दोन-तीन गुणांचा. आमचा अकरांचा होता. विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर विजयाची छटा असती तर आम्हांला रागावतां तरी आलें असतें. तो समजुतीच्या स्वरांत म्हणाला, "चूक तुमची नाहीं, सर, क्रमाची आहे. हलकी आधीं, भारी मागून, हा नियम मींच मुद्दाम मोडला. लोक चवथ्या पेल्यानंतर हिला कसे पारखतात, तें मला पाहायचें होतें."

क्रमाची चूक! त्याच्या ह्या शब्दांनीं आमचें समाधान व्हावयाचें तें राहिलें बाजूलाच, आणि बऱ्याच वर्षांपूर्वींची एक उत्तरपत्रिका डोळ्यांसमोर उभी राहिली. साधीं, लहान वाक्यें. एकही अवतरण नाहीं. विचारलें होतें तेवढेंच लिहिलेलें. ती हातीं आली तेव्हां आम्ही अलंकारांनीं लगडलेल्या चार-पांच उत्तरपत्रिका वाचून उठलों होतों. आम्हीं शंभरांपैकीं ३८ गुण दिले. फेरतपासणींत दुसऱ्या परीक्षकानें ५३ दिले. पण तो निकाल लागेपर्यंत पुढच्या वर्गाचे प्रवेश संपून गेले होते, व त्या उमेदवाराचें वर्ष फुकट गेलें, असें मागाहून कानांवर आलें. तो मुलगा होता कीं मुलगी, हेंही आम्हांला ठाऊक नाहीं. मतभेद चालावयाचेच, असें म्हणून आम्हीं तेव्हां मनाची समजूत घातली होती. पण बैठक-क्रमांक मात्र अद्याप पाठ आहे. आणि उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत हलकें आधीं व भारी मागून असा क्रम कोणी लावून देत नाहीं.

आम्हीं पुन्हा एक पेला मागितला. पाणी प्यालों, कोरड्या पावाचे दोन तुकडे खाल्ले, पाव तास उगाच बसून राहिलों. फार गार असतां वास दबतो, म्हणून पेला तळव्यांत धरून थोडा ऊन होऊं दिला. मग पहिल्या वेळचें सारें परत आलें, पाव, मोसंबी, तो स्वच्छ कडूपणा; आणि त्यांच्याखालीं आणखी कांहीं आलें, जें आधींच्या दोन्ही खेपांस आम्हांला मुळींच जाणवलें नव्हतें. "लोणी कढवितांना येतो तसा वास येतो का रे?" आम्हीं भीत भीत विचारलें. त्यानें पेला नाकाशीं नेला, बराच वेळ धरून ठेवला, आणि मान हलविली. "येतो. टाकी दोन दिवस आधीं उतरविली. हा वास यीस्टमुळेंच येतो, आणि वेळ दिला तर यीस्टच तो परत शोषून घेतें. हलक्या एलमध्यें असलें कांहीं लपत नाहीं."

घरीं परततांना आम्हांला सारखें वाटत होतें कीं, 'पातळ' हा शेरा त्या पेल्याविषयीं नव्हताच. तो चवथ्या पेल्यासारखा नाहीं, एवढेंच काय तें आम्हीं लिहिलें होतें. एखाद्या वस्तूपाशीं तिच्याजवळ नसलेलें मागूं लागलें म्हणजे तिचा गुण तर दिसत नाहींच, पण दोषही दिसत नाहीं. आम्ही त्या साध्या उत्तरपत्रिकेला कमी गुण दिले हें वाईटच. पण तिच्यांत खरोखर काय उणें होतें, हेंही आम्ही सांगूं शकलों नसतों, आणि तें सांगणें हेंच तर आमचें काम होतें.

त्या दिवशीं शेवटीं आम्हीं ३३ गुण दिले, व खालीं लिहिलें: 'हॉप वाढवूं नयेत. दिवस वाढवावे.' मंगळवारीं त्याचा निरोप आला कीं हॉप होते तेवढेच ठेविले आहेत. ती एल खपते कीं पडून राहते, हें पुढें दिसेल.

आमच्या टेबलावर सध्यां उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे. आतां आम्ही एका बैठकींत दहांच्या वर तपाशीत नाहीं; आणि दहावी संपली म्हणजे पाणी पिऊन, थोडें फिरून येऊन, पहिली व पांचवी पुन्हा वाचतों. काम फार लांबतें, अशी विद्यापीठाकडून एक स्मरणपत्रिकाही येऊन गेली आहे.