हस्त सरला की कात्री बाहेर

भोंडल्याची गाणी चालू असेपर्यंत आमच्या घरी झाडांच्या कात्रीला कुणी हात लावत नसे. हस्ताचा पाऊस पुरता सरायला हवा, ऊन तापायला हवं, मगच छाटणीचं बोलायचं. नाशिकच्या अंगणवाल्या घरांत सत्तरच्या दशकात वाढलेल्या आम्हा चुलत-आते-मामेभावंडांना हे दिवस अगदी सारखे आठवतात. मोगलांच्या काळात या गावाला गुलशनाबाद म्हणत. आमच्या लहानपणीही पायरीशी गावठी गुलाब नाही असं घर आमच्या आळीत नव्हतं.

भर पावसात फांदी कापली की ओल्या जखमेत बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत येते, हे आबांनी आम्हांला झाडावरच दाखवलं होतं. म्हणून नवरात्रात गुलाबाचं पाणी तोडायचं, आळं हलक्या हाताने उकरून ठेवायचं. पानं पिवळी पडू लागली की झाडाने ताण घेतला असं समजायचं. छाटणी दसऱ्यानंतर, बहुधा कोजागरीच्या सुमारास. हा हिशेब आजीचा. छाटल्यावर दीड-दोन महिन्यांत गुलाब भरात येतो, म्हणजे मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीपुढे घरची फुलं. ती चुकवलेली मला तरी आठवत नाहीत.

सगळ्या झाडांना एकच मुहूर्त मात्र नव्हता. प्राजक्त आश्विनात फुललेला असतो, त्याला हात लावायचा नाही. मोगऱ्याची पाळी थंडीत, संक्रांतीच्या आगेमागे. कोयनेलचं कुंपण पावसात बेफाम माजलेलं, ते सर्वांत आधी, दोन हातांच्या लांब कात्रीने; आणि ते काम थोरल्या काकांचंच.

खंडेनवमीला हत्यारं पाटावर मांडली जात. आदल्या दिवशी ती घासायचं काम आम्हा मुलांकडे. कोयता, खुरपं, बारीक दातांची करवत आणि मामांनी निफाडच्या द्राक्षबागेतून दिलेली सिकेटर. लोहाराने ट्रकच्या पाट्यातून घडवलेला तो कोयता दिसायला सगळ्यांत रुबाबदार, पण त्याला फक्त केळीचं आणि वाळक्या झावळ्यांचं काम. जिवंत लाकडावर कोयता मारला की फांदी चिरते, साल सोलत खाली येते. बोटाएवढ्या काडीला सिकेटर, अंगठ्याहून जाड फांदीला करवत. मोठी फांदी असेल तर आधी खालच्या बाजूने थोडा काप घ्यायचा, मग वरून. नाहीतर ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल ओरबाडून नेते. सिकेटरने जाड फांदी पिरगाळून तोडू पाहणाऱ्याच्या हातून आत्या कात्री काढूनच घ्यायची.

सिकेटर कशी धरायची हे आम्ही मामांच्या बागेत शिकलो. ऑक्टोबर छाटणीला तिथे पेठ-सुरगाण्याकडची माणसं येत. काडी हातात घेऊन तिच्या कितव्या डोळ्यात घड असेल याचा अंदाज ती क्षणात बांधत आणि पुढच्याच क्षणी काप झालेला असे. इतकं नेमकं काम मी नंतर फार थोड्या ठिकाणी पाहिलं. धारेचं पातं झाडाकडे ठेवायचं, बोथट जाड पातं तुटून पडणाऱ्या तुकड्याकडे, हे त्यांच्याकडूनच कळलं. त्यामुळे जे चेंगरतं ते कापलेल्या तुकड्याबरोबर जातं. बाजारात दुसरी एक कात्री मिळते, तिचं एकच पातं सपाट पट्टीवर येऊन टेकतं. वाळल्या लाकडाला ती चालते, पण गुलाबाची हिरवी काडी तिच्यात चेपते. नवी कात्री घेणाऱ्याला मी आजही एकमेकींना घासून सरकणाऱ्या दोन पात्यांचीच घ्यायला सांगतो, भले थोडी महाग पडो.

गुलाबावर काप कुठे घ्यायचा, याबद्दल घरात दुमत नव्हतं. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधायचा, त्याच्या वर पाव इंच जागा सोडून तिरका काप घ्यायचा, उतार डोळ्याच्या उलट दिशेला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. नवा फुटवा बाहेर वळतो आणि झुडपाचा मधला भाग वाऱ्याला मोकळा राहतो. डोळा भरलेल्या कलमी गुलाबाला सांध्याखालून फुटवे आले तर ते बुडापासून काढायचे, कारण ते रानटी खुंटाचे.

दुमत होतं ते मलमावर. आजी शेण-माती लावायची, आबा बोर्डो पेस्ट. 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 1 लिटर पाणी; दोन्ही वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे, तेही मातीच्या भांड्यात, कारण मोरचूद लोखंड खातो. मग आबा त्यात एक घासलेला खिळा बुडवून बघायचे. खिळ्यावर तांबूस थर चढला की अजून चुना. हा प्रयोग पाहायला आळीतली सगळी मुलं जमत. माझ्या मते आबांचं बरोबर होतं, निदान जाड कापांसाठी तरी.

छाटलेलं सगळं टाकून देत नसू. गावठी गुलाबाच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांच्या काड्या वाळू-मातीच्या कुंडीत टोचल्या जात आणि जगलेली रोपं लेकी-सुनांच्या माहेरी-सासरी पोचत. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरचा गुलाब त्याच झुडपाचा आहे.

आतेबहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडचा गुलाब ऑक्टोबरात छाटून चालत नाही. कोवळी फूट थंडीत जळते. तिकडे वसंतात पिवळी फोर्सिथिया फुलली की गुलाब छाटायचा असा रिवाज आहे. त्यामुळे आश्विनात तिच्याकडे काम उरतं ते कात्रीचं. ती पाती सुटी करते, चिकट रस घासून काढते, धारेच्या पात्याला फक्त उताराच्या बाजूने कानस फिरवते, स्प्रिंगला तेल सोडते आणि आम्हांला फोन करून विचारते, तुमच्याकडे पाऊस थांबला का, गुलाबाचं पाणी तोडलं का.